चौथ्या मजल्यावरचं ग्रीक कोर्ट

किस्से कसे साठतात, ते एसीवाल्याला विचारा. कुवेतमध्ये खिडकी बंद, दार बंद, फटीत कापूस कोंबलेला, तरी महिन्याभराने फिल्टर काढला की त्यावर बोटभर वाळवंट बसलेलं! आलं कुठून? कुणालाच ठाऊक नसतं. चार माणसं एका फ्लॅटमध्ये काही वर्षं राहिली की किश्शांचं तसंच होतं. अधूनमधून काढून झटकावे लागतात, नाहीतर मशीन घरघरायला लागतं. आज झटकायला बसलोय. थोडी धूळ तुमच्या डोळ्यांत गेली तर टेक्निशियन जबाबदार नाही, आधीच सांगून ठेवतो.

मी नाना. जन्मभर लोकांच्या एसीत गॅस भरला आणि लोकांच्या खोड्या काढल्या. शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर आमच्या गावात अजून दोन पक्ष आहेत.

फ्लॅट सबाह अल-सालेमला, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण आपण सामान घेऊन आलो की ती नमाजाला जाते. राहणारे चौघे. मी, सर, आणि मोरोबा आणि येसो हे दोन सख्खे भाऊ. माझ्याच तालुक्यातले, सिंधुदुर्गचे. पाचवे दाऊदभाई. मूळ रत्नागिरीकडच्या बंदरातले, खाली त्यांचं टेलरिंगचं दुकान. राहत नाहीत आमच्यात, पण शुक्रवारी जुम्मा उरकला की थेट आमच्या माशाच्या सारावर हजर. म्हणायचे, "नाना, घरी बायको पथ्याचं देते, म्हणून तुमच्याकडे पुण्य कमवायला येतो!"

*

सर नांदेडकडचे. कॉलेजात तासावर इतिहास शिकवायचे, पर्मनंट कधी झाले नाहीत. शेवटी कुवेत सिटीतल्या एका ऑफिसात फायली सांभाळायला आले. आले तेव्हा त्यांची पेटी मी चार मजले वर ओढली.

म्हटलं, "सर, यात काय, सासऱ्याला घालून आणलंय?"

उघडली तर पुस्तकं! नुसती पुस्तकं! लोणचं नाही, चकली नाही. मी हिरमुसून विचारलं, "हे कसलं सगळं?"

सर एका दमात म्हणाले, "प्राचीन ग्रीक साहित्यात न्यायाची आणि सुडाची कल्पना कशी बदलत गेली, हा माझा प्रबंधाचा विषय." एवढं म्हणाले आणि एकदम उदास झाले. प्रबंध अर्धाच राहिला होता. गाईड रिटायर झाले, आणि बायकोने विचारलं की ग्रीक लोक आपलं घरभाडं देणार आहेत का!

मला खाद्य मिळालं. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन महमूद इजिप्तचा. त्याला सांगून टाकलं, "ये नया आदमी इंडिया का बड़ा काज़ी है."

शुक्रवारी दारावर थाप. महमूद, आणि त्याच्यामागे भांडत आलेले दोघे, एक केरळचा ड्रायव्हर आणि एक नेपाळी आचारी. गच्चीवरची कपडे वाळवायची दोरी कुणाची, यावर केस! सर लुंगीवर होते. घाबरून म्हणाले, "नाना, यांना सांगा, माझा विषय न्यायच आहे, पण ग्रीक आहे."

मी हिंदीत भाषांतर केलं, "साहब बोलते हैं, रस्सी बीच में से काटो!"

त्यांनी कापली की हो! मग अर्ध्या दोरीवर ना याची पँट मावेना, ना त्याची चादर. दोघेही सरांशी बोलायचे बंद झाले. सर कपाळाला हात लावून म्हणाले, "नाना, तुम्ही लई उचापती माणूस. अर्धं आयुष्य मी न्यायावर वाचत बसलो, आणि माझा पहिला निकाल तुम्ही दिलात!"

*

तेव्हापासून शुक्रवारी जेवणानंतर सरांचं ग्रीक सुरू झालं. कुणी झोपायचं नाही, असा माझा कायदा. (मी झोपायचो.)

पहिलीच गोष्ट काय ऐकवावी माणसाने! एक राजा लढाईला निघाला. जहाजं तयार, पण वारा पडलेला. वाऱ्यासाठी त्याने पोटच्या मुलीचा बळी दिला. लढाई जिंकून घरी आला, तर बायकोने त्याला न्हाणीतच संपवला. का? तर मुलीचा सूड. मग मुलगा मोठा झाला, त्याने आईला मारली. का? तर बापाचा सूड.

दाऊदभाई घास हातात धरून म्हणाले, "या खुदा! त्या घरात रांधायचं कोण?"

सर म्हणाले, "गंमत बगा दाऊदभाई, यातल्या प्रत्येकाला वाटतं की आपण न्यायच करतोय. तेव्हाची समजूतच तशी. आपल्या माणसाचा सूड घेतला नाही, तर चारचौघांत तोंड दाखवायला जागा नाही."

मी म्हटलं, "सर, आमच्या दशावतारात पहाटे राक्षस मरतो आणि मग सगळ्यांना चहा मिळतो. यांच्यात चहाची वेळच येत नाही!"

सगळे हसले. मोरोबा हसला नाही. मोरोबा तसा बोलायचाही नाही. पाइपलाइनचा फिटर, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत कंत्राटावर. हात लोखंडाचे, जीभही लोखंडाची. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने तोंड उघडलं.

"सर, त्या झिलाक भाव होतो काय?"

"त्या मुलाला भाऊ? नाही, बहिणी होत्या."

"मगे बरा," मोरोबा म्हणाला.

येसो उठला, अर्धं ताट तसंच घेऊन बेसिनकडे गेला आणि नळ मोठा सोडला.

*

आता हे दोन भाऊ. एकाच कंपनीत, एकाच गँगमध्ये, एकाच बसने जायचे, एकाच बंकवर झोपायचे, वर येसो, खाली मोरोबा. आणि एकमेकांशी एक अक्षर नाही! वर्षानुवर्षं!

कारण सांगतो. यांचा बाप वारला तेव्हा येसो रजेवर घरी होता आणि मोरोबा इथे. मोरोबा निघाला, पण पोचेपर्यंत बापाला अग्नी देऊन झाला होता. थोरला मुलगा वाटेत, आणि धाकट्याने अग्नी दिला. मोरोबा गावात उतरला, चितेची राख पाहिली, आणि त्या दिवसापासून त्याने भावाचं नाव तोंडातून काढून टाकलं.

फ्लॅटमध्ये पोस्टमन मी. दोघे एका चटईवर, मध्ये मिठाची बरणी, आणि मोरोबा मला सांगणार, "नाना, त्येका सांगा, मीठ सरकव."

मी सांगायचो. पण जसंच्या तसं सांगेन तर नाना कसला! एकदा येसोने रांधलेलं जेवताना मोरोबा म्हणाला, "त्येका सांगा, सार खारट झालाहा." मी येसोकडे वळून म्हटलं, "दादा म्हणतो, आईच्या हातची चव आली."

येसोने मान खाली घातली. मग सुरमईची मधली तुकडी होती, सगळ्यांत मोठी, ती उचलून माझ्या हातात दिली. "दादाक देवा."

मोरोबाने तुकडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "नाना, मी असा काय्येक बोलूक नाय."

"मला ठाऊक आहे. खा मुकाट्याने."

खाल्ली. काटेसुद्धा चोखले लेकाच्याने!

*

पुढच्या एका शुक्रवारी सर म्हणाले, "आज त्या गोष्टीतलं कोर्ट."

आईला मारणारा मुलगा पळत सुटतो. त्याच्यामागे सुडाच्या म्हाताऱ्या देवता लागतात, भयंकर, जुन्यापुराण्या. शेवटी एक शहाणी देवी म्हणते, असं किती पिढ्या चालायचं? गावातली माणसं बसवा, दोन्ही बाजू ऐका, खडे टाकून मतं द्या. मतं पडली, निम्मी-निम्मी! तेव्हा ठरलं की बरोबरी झाली तर आरोपी सुटला.

मी टाळी वाजवली. "सर, आपल्याकडे केस आहे!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दोन भावांकडे. मला वाटलं होतं दोघे उठून जातील. पण मोरोबा बसून राहिला. येसोही.

खडे कुठून आणणार? दोषी म्हणायचं असेल तर खजुराची बी, निर्दोष म्हणायचं असेल तर चणा. कुकरचं भांडं झाकण लावून मध्ये ठेवलं. पंच मी, सर, दाऊदभाई. चौथा महमूद. तो बिचारा खालच्या मजल्यावर पाणी गळतंय म्हणून सांगायला आला होता, त्याला धरून बसवला, भाषांतर माझ्याकडे!

मोरोबाने गाऱ्हाणं मांडलं. एवढंच, "थोरलो मी. माझी वाट बघूक नाय."

येसोकडे सगळे वळले. तो भिंतीकडे बघत बोलला. "पाऊस थांबत नव्हतो. व्हाळाक पाणी, गावात लाइट नाय, बर्फ खयसून आणतलंय? म्हातारे म्हणाले, आता ठेवूक शक्य नाय. मी म्हटलंय, दादा येऊ दे. कोणी ऐकूक नाय. पेटती काठी माझ्या हातात दिल्यानी. माझो हात धरून लावल्यानी." आणि तो रडायला लागला. दाढीवाला गडी, गुडघ्यात डोकं घालून.

मोरोबा हे पहिल्यांदाच ऐकत होता. इतकी वर्षं वर-खाली झोपून पहिल्यांदाच!

भांडं उलटं केलं. दोन चणे, दोन बिया. बरोबरी!

सर म्हणाले, "नियमाप्रमाणे येसो सुटला."

त्यावर मोरोबा हळूच जे म्हणाला ते जसंच्या तसं सांगतो, कारण मला ते अजून ऐकू येतं. "तो सुटलो. मगे माझा काय?"

सर म्हणाले, "त्या गोष्टीतही त्या सुडाच्या देवता हेच विचारतात. निकाल लागला, आमचं काय? तेव्हा ती शहाणी देवी त्यांना हाकलत नाही. त्यांना गावातच, जमिनीखाली घर देते, मान देते. राग हाकलून जात नाही मोरोबा, त्याला राहायला जागा द्यावी लागते. हे नंतरच्या लोकांना सुचलं."

मी म्हटलं, "सर, एक खोली, एक बंक, एक फ्रिज. जागा आहे कुठे?"

कुणी हसलं नाही. जिन्यात मी महमूदला पकडला. "तू ने क्या डाला?"

"खजूर."

"छोटा इतना रोया, फिर भी?"

महमूद म्हणाला, "छोटा रोया. बड़ा नहीं रोया. इस लिए."

*

यानंतर मोरोबा जरा निवळला असं आम्हाला वाटलं. मीठ तो स्वतः उठून घ्यायला लागला, म्हणजे माझी पोस्टमनची नोकरी धोक्यात!

मग सरांनी ती बाईची गोष्ट सांगितली. नवऱ्याने दुसरा घरोबा केला म्हणून एका बाईने त्याला अद्दल घडवायची ठरवली. त्याला सगळ्यांत जास्त दुखेल कुठे? मुलांत. म्हणून तिने दोन्ही मुलं मारली. तिचीही तीच मुलं.

सर म्हणाले, "आधीच्या गोष्टींत सूड घेणारा ताठ उभा असतो. इथं लिहिणाऱ्याला दिसतं की बाण तिच्याच अंगातून आरपार जाऊन मग नवऱ्याला लागलाय. कल्पना बदलत गेली ती अशी."

मोरोबाच्या हातातला चहा सांडला. कपभर, सगळा लेंग्यावर. पण त्याला कळलंच नाही.

"काय झालं रे?" दाऊदभाई म्हणाले.

तेव्हा बाहेर आलं. बापाच्या राखेवरून उठून मोरोबा तसाच ग्रामदेवतेच्या देवळात गेला होता आणि भावाविरुद्ध नारळ ठेवून आला होता! आमच्याकडे ही रीत आहे. कोर्ट दूर, देव जवळ. नारळ ठेवायचा, गुरवाकडून गाऱ्हाणं घालायचं, आणि देव बघून घेतो. मोरोबाने घातलेलं गाऱ्हाणं असं, की जसं मला बापाचं शेवटचं तोंड दिसलं नाही, तसंच ज्याने अग्नी दिला त्यालाही आपल्या माणसाचं शेवटचं तोंड दिसू नये.

"आता सांगा नाना," मोरोबा म्हणाला, "आमच्या घरात ऱ्हवला कोण?"

घरात एकटी आई उरली होती. येसोची आई म्हणजे मोरोबाचीही आईच की!

दाऊदभाईंनी मान हलवली. "अरे बाबा, भावावर दगड टाकलास, पण दोघे एकाच होडीत बसलेले!"

येसो वरच्या बंकवर पाय सोडून बसला होता. त्यालाही हे आत्ताच कळत होतं. तो इतकंच म्हणाला, "नाना, दादाक विचारा, तो नारळ उतरवूक येता काय?"

*

उतरवता येतो. पण ज्याने ठेवला आणि ज्याच्यावर ठेवला, त्या दोघांनी देवासमोर एकत्र उभं राहायला हवं. आणि इकडे रिफायनरीत शटडाऊनचं काम, म्हणजे सगळं बंद ठेवून दुरुस्ती, रजा कुणाला नाही! मॅनेजर थॉमस म्हणाला, एका गँगमधले दोघे एकदम सोडणार नाही. त्यातच गावावरून फोन, आईने अंथरूण धरलं.

डोकं कुणाचं चाललं? नानाचं! म्हटलं, लग्नं व्हिडिओ कॉलवर लागतात, मुलाखती होतात, मग देवाला काय अडचण?

गुरव आधी चिडला, मग तयार झाला. शुक्रवारी सकाळी आम्ही पाचही जण आंघोळ करून मोबाईलसमोर. दोघे भाऊ शेजारी शेजारी. स्क्रीनमध्ये दोघांनाही मावायचं म्हणून खांद्याला खांदा लावावाच लागला! मनात म्हटलं, देवा, निकाल काहीही दे, हे तर झालं!

तिकडून गुरवाचा आवाज, "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरा परमुलखात आसत..."

आम्ही एका दमात, "व्हय म्हाराजा!"

"झाली चूकभूल पदरात घे..."

"व्हय म्हाराजा!" दाऊदभाई सगळ्यांत जोरात. खिडकीच्या काचा हलल्या. महमूद धावत वर आला, "फी मुश्किला? क्या हुआ? कौन मर गया?" त्यालाही बसवला. तोही "व्हय म्हाराजा" म्हणायला लागला!

मग कौल. देवाच्या दगडी अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर देव हो म्हणतो, डावी पडली तर नाही. गुरवाने फोन समईशेजारी टेकवला. पाकळ्या चिकटल्या. आम्ही सगळे मोबाईलवर वाकलो. उजवीकडची पाकळी हलली, सरकली, सुटली, आणि चित्र थांबलं!

पाकळी हवेत, देव स्थिर, मध्ये गोल चक्र फिरतंय! सर म्हणाले, "नेट गेलं." पुन्हा लागेपर्यंत गुरव देवळाबाहेर रेंज शोधत हिंडत होता. आत जाऊन बघतो तर दोन्ही पाकळ्या खाली. आधी कुठली पडली, देवाला माहीत!

"उजवीच," येसो म्हणाला. "मी बघितलंय, दादा."

नंतर माझ्या ध्यानात आलं, की हे तो मला नाही, सरळ दादाला म्हणाला होता. त्या क्षणी कुणाच्याच लक्षात आलं नाही. मोरोबा म्हणाला, "डावीय हलत होती."

*

थॉमस माणूस वाईट नव्हता. दोघांपैकी एकाला लगेच सोडतो म्हणाला, कोण ते तुम्ही ठरवा.

इथून पुढे मला खोडी काढायला जागाच उरली नाही.

मोरोबा म्हणाला, "येसो जाऊ दे. नारळ माझो, भोग तेका नको. तेना आवशीचा तोंड बघूक व्हया."

येसो म्हणाला, "दादा जाऊ दे. बापाच्या वेळेक तो चुकलो. आता तेचो हक्क."

"येसो."

"दादा."

आधी वाटलं, वा! काय सुधारले दोघे! सर तर भारावले. म्हणाले, "नाना, ग्रीकांत एक म्हातारा पुढे म्हणून गेला, की अन्याय सोसण्यापेक्षा अन्याय करणं माणसाला जास्त बिघडवतं. बगा, हे दोघे न वाचता तिथं पोचले!"

पोचले खरे. पण गावाला कुणीच पोचलं नाही! एक तयार झाला की दुसऱ्यासाठी मागे सरे. बॅग भरायची, उपसायची. एकदा मोरोबाची चप्पल बॅगेत, एकदा येसोची. मी ओरडलो, दाऊदभाई ओरडले, "अरे, कुणीतरी जा! म्हातारी दोन तोंडांची वाट बघते, एक तरी दाखवा!" शेवटी मीच चिठ्ठ्या टाकायचं ठरवलं. संध्याकाळी कामावरून आलो की टाकू, म्हटलं.

दुपारीच फोन आला.

सर त्यांच्या पेटीवर बसून होते. त्यांची सवय मोठमोठं बोलायची, पण तेव्हा ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "नाना, सुडाच्या गोष्टींत निदान कुणीतरी घरी पोचतं हो."

थॉमसने त्याच दिवशी दोघांनाही सोडलं. आई जिवंत असताना एक, गेल्यावर दोन!

*

दोघे एकाच विमानाने गेले. गावाने या वेळी दोघे पोचेपर्यंत आईला थांबवून ठेवलं होतं, इतकं आम्हाला फोनवर कळलं. त्यापुढचं काही नाही. दिवसकार्य उरकून परत यायच्या दिवशी आम्ही तिघे दाऊदभाईंच्या गाडीतून एअरपोर्टला गेलो.

दारातून आले ते दोघांत एकच ट्रॉली ढकलत. दोघांचीही डोकी तुळतुळीत. एरवी मी दोन टरबुजांचा भाव विचारला असता. गाडीत ओठापर्यंत आलंही होतं. दाऊदभाईंनी आरशातून डोळे वटारले.

मोरोबा पुढे बसला. मागे मी, मध्ये सर, खिडकीशी येसो. एसी मीच दुरुस्त केलेला, म्हणून जेमतेम गार. येसोने पिशवीतून कोकमाच्या आगळाची बाटली काढली, पुढे केली. "दादा, ही तुझ्याकडे ठेव, हय सांडतली." मोरोबाने न वळता हात मागे करून घेतली आणि दोन्ही पायांत धरली.

सरांना राहवेना, पण विचारायचा धीरही होईना. ते नुसते माझ्या बरगडीत कोपर मारत होते. शेवटी निर्लज्ज कोण? नाना!

म्हटलं, "अग्नी कोणी दिलो रे?"

"येशान," मोरोबा समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाला.

"दादान," येसो खिडकीबाहेर बघत म्हणाला.